वाचकबाई वाचल्या

छपाईखान्यात बाईंना कुणी नावानं हाक मारत नसे. त्या वाचकबाई. त्यांच्या समोर बसणारा मुद्रितशोधक उंच, सडपातळ, पाठ रूळ लावून आखल्यासारखी, म्हणून तो काना. मग बाईंना मात्रा म्हणणं ओघानंच आलं. जुळणी विभागातल्या कुणा वात्रटानं दोघांवर दोन ओळी रचून त्यांच्या खोलीच्या दारावर खडूनं लिहिल्या होत्या:

मात्रा सांगे, काना ऐके,
चूक बिचारी कुठे लपे?

दार तीनदा रंगवून झालं. ओळी तिन्ही वेळा पुन्हा उमटल्या.

काम दिसायला साधं. लेखकाची हस्तलिखित प्रत बाईंच्या हातात, छापील प्रूफ कान्याच्या पुढ्यात. बाईंनी मोठ्यानं वाचायचं. कान्यानं प्रुफाच्या ओळीवरून डोळा सरकवत ऐकायचं आणि फरक दिसेल तिथे लाल खूण करायची. एरवी असं वाचताना विरामचिन्हंसुद्धा बोलावी लागतात. स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद. पहिली दोन वर्षं बाईंनी तसंच वाचलं. पुढे पुढे शब्द झिजत गेले. पूर्णविरामाला अंगठीची टेबलावर एक टिचकी, परिच्छेदाला दोन. प्रश्नचिन्ह आवाजातच वळण घेऊन यायचं. आणि स्वल्पविराम म्हणजे नुसता थांबा, पापणी लवावी एवढा. तेवीस वर्षांत त्या दोघांचं हे असं जमून गेलं होतं. खोलीबाहेरून जाणाऱ्याला वाटायचं की आत कुणी जात्यावर बसलंय, दळतंय आणि गातंय.

मग बाईंच्या जिभेच्या मुळाशी गाठ निघाली.

"तंबाखू?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही."

"तंबाखू नाही?" नणंदेनं विचारलं, शेजारणीनं विचारलं, तपासणीच्या रांगेतल्या अनोळखी बाईनं विचारलं. बाई नाही म्हणायच्या आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर अविश्वास दाटायचा. जणू त्या कुठल्या तरी बोळात उभ्या राहून चोरून खात आल्या होत्या.

तेहतीस दिवस जाळीचा मुखवटा चेहऱ्यावर आवळून त्यांना टेबलाला जखडलं आणि गळ्यावर किरणांचा मारा केला. गाठ विरघळली. तिच्यासोबत लाळेच्या ग्रंथीही करपून गेल्या.

"थोडी कोरड राहील," डॉक्टर म्हणाले.

"किती दिवस?"

डॉक्टरांनी फाईल मिटली. "सवय होते," ते म्हणाले.

ज्यानं त्यानं येऊन सांगितलं, वाचलीस हो. नवरा म्हणाला, नणंद म्हणाली, लिफ्टमधला माणूसही म्हणाला. छपाईखान्यात परत पाऊल ठेवलं त्या दिवशी तर आरोळीच उठली, "वाचकबाई वाचल्या." हा विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचलाय असं प्रत्येकाला वाटत होतं. बाईही हसल्या. पण हसायला ओठ ओले लागतात. कोरडा ओठ वर जाऊन दातांना चिकटतो आणि तिथेच राहतो, मग हसू संपवायला तो बोटानं खाली ओढावा लागतो. चौथ्या माणसानंतर बाईंनी हसणं सोडलं.

घरी त्यांना काही कमी नव्हतं. नवरा सगळं पातळ करून पुढ्यात ठेवायचा. बिस्कीटसुद्धा चहात विरघळवून, कारण कोरडं बिस्कीट तोंडात गेलं की वाळू होऊन बसायचं. आणि दिवसातून वीसदा म्हणायचा, "बोलू नकोस गं, त्रास होईल." फोन तोच घ्यायचा. "ती बरी आहे," बाई शेजारी बसलेल्या असताना सांगायचा, "अगदी बरी आहे." त्याच्या मायेला नाव ठेवायला जागा नव्हती, आणि तिच्यापायी बाईंना आठवडाभरात चार वाक्यं बोलायला मिळत नव्हती. त्या लवकर कामावर आल्या त्या यासाठी. जगात एकाच खोलीत, एकाच खुर्चीवर लोकांना त्यांचा आवाज हवा होता.

व्यवस्थापकानं आडपडदा ठेवला नाही. "न्यायाधीशसाहेबांचं आत्मचरित्र आलंय. सहाशे पानं. हे पार पाडलंत तर खुर्ची तुमची. नाही झेपलं तर पाठवणी विभागात टेबल रिकामं आहे. बसून पत्ते चिकटवायचे."

"पत्ते चिकटवायला थुंकी लागते," बाई म्हणाल्या.

"आता चिकटपट्टी आलीय," व्यवस्थापक अगदी गंभीरपणे म्हणाला.

बाहेर आल्यावर कान्यानं विचारलं, "डॉक्टर काही देत नाहीत का त्याच्यावर?"

"नकली लाळ मिळते. फवारा मारायचा. पाच मिनिटं टिकते."

"त्यापेक्षा वरच्या मजल्यावरून मागवा. मालकांच्या अवतीभवती इतके लाळघोटे आहेत, एकेकाची वाटीभर निघेल."

बाईंना त्या दिवसातलं हे एकच बोलणं आवडलं.

वाचन सुरू झालं. बाईंनी बाटली जवळ ठेवली होती. चार ओळी झाल्या की झाकण उघडून एक घोट. त्याशिवाय जीभ हलत नव्हती. सगळ्यात वाईट 'ळ'. तो म्हणायला जीभ मागे वळून टाळूला टेकते, आणि आता ती तिथेच चिकटून बसायची. न्यायाधीशसाहेबांच्या पानापानावर 'सकळ', 'निव्वळ' आणि 'तळमळ' यांची रेलचेल होती. बाई शब्द सोडवून घ्यायच्या आणि पुढे जायच्या.

दुसऱ्या दिवशी कान्यानं चष्मा काढला. "बाई, रागावू नका. त्या झाकणाचा टक्क आवाज होतो ना, तो मला अंगठीची टिचकी वाटतो. आज दोन ठिकाणी उगाच पूर्णविराम लागला. खोडायला लागलं."

"बरं," बाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवसापासून बाटली पिशवीत गेली. बाईंनी टेबलाच्या कडेआड, मांडीवर, एक वाटीभर पाणी आणि घडी घातलेला रुमाल ठेवला. तोंड सुकलं की मान खिडकीकडे वळवायची, रुमाल ओठांना लावायचा, चोखायचा. आवाज नाही. कान्याची नजर प्रुफावर, त्याला दिसायचं नाही. आणि बाईंनाही ते कुणाला दिसायला नको होतं. मांडीवर वाटी घेऊन फडकं चोखणारी बाई कुणाला दाखवायची?

न्यायाधीशसाहेबांची वाक्यं लांबलचक होती. एक वाक्य सुरू झालं की वडिलांपासून निघून वकिलीतून, दोन दुष्काळांतून आणि एका खुनाच्या खटल्यातून जाऊन मग कुठे क्रियापदाला टेकायचं. आणि आपल्या भाषेत 'नाही' शेवटी येतं. सगळं सांगून होतं, क्रियापदही येऊन जातं, आणि त्याच्याही मागून 'नाही' येऊन सगळं उलटं करतं. बाईंचं तोंड नेमकं तिथे पोचेपर्यंत सुकायचं. शेवटच्या शब्दाआधी रुमाल लागायचा.

आत्मचरित्राचे एकोणीस फर्मे छापून झाले. एक फर्मा म्हणजे सोळा पानांचा एक मोठा ताव. दुरुस्त प्रूफ पुन्हा फक्त लाल खुणांपुरतं पाहिलं जायचं, आणि लेखकाला प्रूफ पाहायचंच नव्हतं. "मी दिलेला निकाल मी पुन्हा वाचत नाही," असं त्यांनी कळवलं होतं. त्यांना थेट छापील फर्मे पाठवायचे.

एका सकाळी बाई लवकर आल्या. टेबलावर ताजा फर्मा पडला होता, शाईचा वास अजून ओला. त्यांनी मनातल्या मनात वाचायला घेतला.

'माझ्या वडिलांनी मला, वकील, व्हायला सांगितले.'

त्यांना आधी जुळणीची चूक वाटली. त्या पुढे गेल्या. 'त्या खटल्यातील, साक्षीदार, घाबरला होता.' पुढच्या पानावर स्वल्पविराम जास्त होते. त्याच्या पुढच्या पानावर आणखी. मग एका जागी एकदम विरळ झाले, आणि बाईंना आठवलं की तिथे जेवणाची सुट्टी झाली होती, आणि त्यांनी बाहेर नळाखाली तोंड धुतलं होतं. त्यानंतर पुन्हा हळूहळू दाट. संध्याकाळच्या पानांवर तर शब्दाशब्दामागे एकेक शेपटी वळवळत होती.

तो रुमाल होता. एकेक घोट. त्यांच्या तोंडाची कोरड तासातासानं, ओळीओळीनं, उत्तम कागदावर, एक हजार प्रतींत छापली गेली होती.

शेवटच्या पानावर एक वाक्य होतं. साहेबांनी लिहिलं होतं, 'मी कधी कुणाचा मिंधा झालो नाही म्हणून आज ताठ मानेने लिहितो.' छापलं होतं, 'मी कधी कुणाचा मिंधा झालो, नाही म्हणून आज ताठ मानेने लिहितो.'

काना आला. सांगायला हवं होतं. बाईंनी तोंड उघडलंही. पण सांगणं म्हणजे स्वतःच्या हातानं खुर्ची उचलून देणं. त्या म्हणाल्या, "बसायचं?"

दोन दिवस त्यांनी रुमालाशिवाय वाचलं. टिचकी वाजल्याखेरीज ओठ ओला करायचा नाही, असं ठरवूनच. पहिल्या दिवशी जिभेला चीर पडली. दुसऱ्या दिवशी ओठाच्या कोपऱ्यातून रक्त आलं. कान्यानं मान वर केली नाही. आणि त्या दोन दिवसांत मागचे दोन फर्मे छापून झाले, बाईंच्या डोळ्यांदेखत. एकवीस.

तिसऱ्या दिवशी न्यायाधीशसाहेब स्वतः आले.

व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये चौघं होते. साहेब खुर्चीत, व्यवस्थापक उभा, काना आणि बाई दाराशी. साहेबांनी फर्मा उघडला. निळ्या पेन्सिलीनं वर्तुळंच वर्तुळं, कागदाला गोवर आल्यासारखी.

"मी चाळीस वर्षं निकाल लिहिले," साहेब हळू आवाजात म्हणाले. "माझ्या वाक्याला कुणी हात लावला नाही. इथे मी धापा टाकतोय. आणि हे इथे काय म्हटलंय? मी कुणाचा मिंधा झालो?"

"कुणी लावलेत हे?" व्यवस्थापकानं विचारलं. विचारायची गरज नव्हती. प्रुफावरच्या लाल खुणा कान्याच्या हाताच्या होत्या.

काना टेबलावरच्या काचेच्या गोळ्याकडे बघत होता. "बाई वाचतात. मूळ प्रत त्यांच्याकडे असते, मला दिसत नाही. मी ऐकलं तसं लावलं."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

बाईंना म्हणायचं होतं की झाकणाचा आवाज होतो म्हणून कुणी सांगितलं? म्हणायचं होतं, तेवीस वर्षं तुम्ही माझा आवाज ऐकता, माझा थांबा तुम्हाला ओळखू आला नाही? 'मिंधा झालो, नाही' असं जगात कुणी लिहितं का, तुमच्या कानांना अर्थ लागत नव्हता का? हे सगळं एकदम वर आलं आणि जिभेला पोचलं. जीभ टाळूला चिकटलेली. ती सुटताना तोंडात टक्क वाजलं, शब्द आला नाही. त्यांनी पदराखालची पिशवी चाचपली, रुमाल काढला, ओठांना लावला.

तिघं त्यांच्याकडे बघत राहिले.

"बोलायला काही नाही म्हणजे झालंच की," व्यवस्थापक म्हणाला.

"मी..." बाई म्हणाल्या.

"राहू द्या बाई. तब्येत सांभाळा."

साहेबांना नवा कागद घालून फर्मे पुन्हा छापून हवे होते. व्यवस्थापकानं हात जोडले. शेवटी शुद्धिपत्रावर भागलं. पुस्तकाच्या शेवटी वेगळी पानं जोडायची, एकूण एक चुकीचा स्वल्पविराम पान-ओळीसह नोंदवायचा आणि पुढे लिहायचं, काढून वाचावे. "मी जिथे श्वास घेतला नाही," साहेब म्हणाले, "तिथे माझ्या नावावर श्वास नको." आणि ते कोण करणार? ज्यांच्या हातात मूळ प्रत होती त्यांनीच करावं, हे व्यवस्थापकाला न्यायाला धरून वाटलं.

पाठवणी विभाग त्याच मजल्यावर होता, वाचनखोलीच्या भिंतीला लागून. खपटाचे पुडे, चिकटपट्टी, दोरा. बाईंनी टेबल खिडकीकडे सरकवलं. सकाळी पत्ते, दुपारी शुद्धिपत्र. भिंतीपलीकडे नव्या मुलीनं वाचायला सुरुवात केली होती. गोड, ओलसर गळा. "मी त्या वेळी स्वल्पविराम जिल्हा न्यायालयात स्वल्पविराम काम करीत होतो पूर्णविराम." दिवसभर हेच. मुलगी एकही चिन्ह गिळत नव्हती.

"आता कसं शांत वाटत असेल," संध्याकाळी नवरा म्हणाला. "बोलायची कटकट नाही. देवानंच सोय केली बघ."

बाईंनी पातळ केलेलं काहीतरी चमच्यानं तोंडात घातलं. चव नव्हती, ते कुठून कुठे गेलं तेही नीट कळलं नाही.

शुद्धिपत्राला नऊ दिवस लागले. पान दोनशे एकोणनव्वद, ओळ चौथी, 'मला' नंतरचा स्वल्पविराम काढावा. पान दोनशे एकोणनव्वद, ओळ चौथी, 'वकील' नंतरचा स्वल्पविराम काढावा. पहिले तीन दिवस बाईंनी हस्तलिखित शेजारी ठेवून एकेक पारखून घेतला. हा माझ्या तहानेचा, काढा. हा साहेबांचा स्वतःचा, राहू द्या. साहेबांनीही क्वचित श्वास घेतला होता. आई गेली त्या पानावर दोनदा. एका फाशीच्या निकालाच्या आधी एकदा. तिथे थांबावंच लागतं, थांबलं नाही तर वाचणाऱ्याचा घसा धरतो.

चौथ्या दिवशी व्यवस्थापक डोकावला. "किती राहिले? साहेबांचा निरोप आहे, एकही उरायला नको."

"एकही?"

"एकही."

बाईंनी हस्तलिखित मिटून बाजूला ठेवलं. त्यानंतर त्यांनी पारखलं नाही. दिसला स्वल्पविराम की यादीत. साहेबांचे, त्यांचे, सगळे. मग मागे जाऊन पहिल्या तीन दिवसांत राखलेलेही घातले. आईच्या पानावरचे दोन, फाशीआधीचा एक. ज्याला वाचायचंय त्यानं एका दमात वाचावं. जीभ सुकू दे, ओठ दातांना चिकटू दे, पाण्यासाठी हात चाचपडू दे त्याचा. त्यांचं अक्षर नेहमीसारखंच वळणदार येत होतं.

यादी तपासून सही करायला कान्याकडेच जाणार होती. तो ती घ्यायला स्वतः आला. नऊ दिवसांत पहिल्यांदाच. दारात वाकून उभा राहिला.

"या," बाई म्हणाल्या. "इथे खुर्ची एकच आहे."

"उभाच बरा." त्यानं पानं उलटली. भिंतीपलीकडे मुलगी जेवायला गेली होती, त्यामुळे फार शांत होतं. "बाई, एक सांगायचं होतं. मला कळत होतं."

"काय?"

"ते थांबे. पहिल्याच आठवड्यात कळलं. ते स्वल्पविराम नाहीत म्हणून."

बाईंनी चिकटपट्टी खाली ठेवली. "मग लावलेत कशाला?"

"एकदा विचारलं असतं तर प्रत्येक वेळी विचारावं लागलं असतं. हा खरा की घोटाचा? तुम्हाला दर ओळीला सांगावं लागलं असतं. तुम्ही इतक्या जपून लपवत होतात. मला वाटलं, लावून टाकू. पुस्तक असं कोण वाचतंय."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, हेच वाईट होतं. त्यानं बाईंच्या लाजेवर पांघरूण घातलं होतं, आणि पांघरूण उडालं तेव्हा स्वतः बाजूला सरकला होता.

"आणि आत, साहेबांच्या समोर?" बाईंनी विचारलं. मग रुमाल ओठांना लावला, सावकाश, त्याच्या देखत. तो थांबून राहिला. "तिथे का नाही सांगितलंत कळत होतं म्हणून?"

"माझी तीन वर्षं राहिलीत," काना म्हणाला.

बाईंनी मान हलवली. हे त्यांना समजण्यासारखं होतं. त्यांचीही सात राहिली होती.

तो पुन्हा पानं चाळू लागला आणि एका जागी त्याचं बोट थांबलं. मग मागच्या एका जागी. चाळीस हजार पानं ऐकलेला कान होता तो.

"हा फाशीच्या आधीचा," तो म्हणाला. "हा खरा आहे बाई. आणि आईच्या पानावरचे. इथे तुम्ही थांबला होतात ते वेगळं होतं, मला आठवतंय. हे साहेबांचेच आहेत."

"असतील."

"मग काढताय कसे? नासेल ते सगळं. वाचवणार नाही कुणाला."

"मूळ प्रत इथे आहे." बाईंनी हस्तलिखिताचा गठ्ठा त्याच्याकडे सरकवला नाही, नुसता हात त्यावर ठेवला. "खरे कुठले, घोटाचे कुठले, वाचून दाखवू? पहिल्या पानापासून? बसा, ऐका."

कान्यानं खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची एकच होती. त्यानं खिशातून पेन काढलं, पुड्याच्या खपटावर कागद टेकवला, शेवटच्या पानाखाली 'तपासले, बरोबर' असं लिहिलं, सही केली. यादी काखेत धरून तो जुळणी विभागाकडे निघाला.

बाईंनी पुढचा पुडा ओढला आणि पत्ता नीट मध्यावर आणून चिकटवला.